आत्मा मोकळा, अंग गहाण

मार्टिन ल्यूथर या जर्मन धर्मसुधारकाची 'ख्रिस्ती माणसाचं स्वातंत्र्य' ही पुस्तिका १५२० सालची. पाचशे वर्षं उलटून गेली. ती आज आपण का वाचायची, असं कुणीतरी विचारणारच, म्हणून आधीच सांगतो. हौसेनं वाचलेली नाही.

साचाखात्यात माझ्या शेजारच्या साच्यावर एक मित्र आहे. ख्रिस्ती. नगरकडचा. चार पिढ्यांमागं त्याची माणसं महार होती, दुष्काळात मिशनकडं गेली. गेल्या पावसाळ्यात कंत्राटदारानं पाळीच्या यादीतून सहा जणांची नावं काढली, त्यात तोही होता. मी म्हणालो, चल, गेटवर बसू. तर हा हसून म्हणतो, "माझा आत्मा मोकळा आहे रे. त्याचं नाव कोण काढणार यादीतून?" मला सणकून राग आला. पण उत्तर सुचलं नाही, हेही खरं. चार दिवसांनी नावं परत लागली, कारण माल अडला होता. आत्म्याचा त्यात काही संबंध नव्हता. पण त्याचं ते वाक्य डोक्यात अडकून बसलं. "हे कुठं लिहिलंय तुमच्यात?" म्हणून विचारलं, तर त्यानं ही पुस्तिका आणून दिली. इंग्रजी भाषांतर. मी आठवी पास. डिक्शनरी मांडीवर घेऊन सव्वा महिना वाचत होतो. तेव्हा कुणी पंडितानं माझ्या चुका काढायच्या असतील तर खुशाल काढाव्यात.

दुसरं कारण आपल्या घरातलं आहे. बाबासाहेबांनी १९३६ च्या 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये ल्यूथरचं नाव घेतलंय. राजकीय क्रांतीच्या आधी धर्माची आणि समाजाची क्रांती व्हावी लागते, हे सांगताना युरोपातल्या लोकांच्या राजकीय मुक्तीआधी ल्यूथरची धर्मसुधारणा आली, असा दाखला त्यांनी दिला. आपली पोरं भाषणात हा दाखला देतात. मीही दिलाय. आणि ल्यूथरचं एक पानही वाचलेलं नव्हतं.

तर वाचली. आणि सुरुवातीला, दोस्त हो, मी खूष झालो.

या माणसाचा आजा शेतकरी. बाप तांब्याच्या भट्ट्यांच्या धंद्यात वर आलेला. हा स्वतः मठातला संन्यासी. १५१७ साली त्यानं पापक्षमेच्या चिठ्ठ्यांच्या धंद्यावर पंच्याण्णव मुद्दे काढले. पैसे टाका, शिक्षा माफ, असा तो धंदा होता. पंढरपूर-नाशिकच्या बडव्या-गंगापुत्रांना शिकवणी लावावी लागली नसती. १५२० च्या जूनमध्ये पोपनं बहिष्काराची धमकी दिली, आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात ही पुस्तिका आली. जर्मनमध्ये आणि लॅटिनमध्ये. जर्मनमध्ये तिची तीस छोटी कलमं आहेत. डिसेंबरात पठ्ठ्यानं पोपचं ते धमकीपत्र जाहीरपणे जाळलं. मनुस्मृती जाळणाऱ्यांच्या पोरांना हा माणूस आवडणारच.

पुस्तिकेत तो सुरुवातीलाच दोन उलटसुलट गोष्टी मांडतो. ख्रिस्ती माणूस सगळ्यांचा धनी आहे, त्याच्यावर कुणाची सत्ता नाही, ही एक. आणि तोच माणूस सगळ्यांचा चाकर आहे, सगळ्यांच्या ताब्यात आहे, ही दुसरी. हे दोन्ही एकाच वेळी खरं कसं, ते उलगडायला त्यानं तीस कलमं खर्ची घातली. उत्तर असं की माणसात दोन माणसं आहेत. एक आतला, एक बाहेरचा. आतला माणूस श्रद्धेनं मोकळा होतो. उपास, तीर्थयात्रा, खास कपडे, पवित्र जागा, असलं काही त्याला लागत नाही. झाड चांगलं असेल तर फळ चांगलं येतं, फळं लटकवून झाड चांगलं होत नाही. आणि असा मोकळा झालेला माणूस मग कुणाच्या धाकानं किंवा स्वर्गाच्या लालचीनं काही करत नाही. शेजाऱ्यासाठी करतो. म्हणून तो चाकर.

यात एक जबरदस्त गोष्ट आहे आणि ती कबूल केलीच पाहिजे. बाप्तिस्मा झालेला प्रत्येकजण पुरोहित आहे, असं तो म्हणतो. मोची, शेतकरी, बाई, सगळे. पुरोहित ही वेगळी जात नव्हे. ते फक्त काम, कुणालातरी नेमून दिलेलं. इथं १८७३ साली सत्यशोधक समाज काढताना जोतीराव फुल्यांनी निर्मिक आणि माणूस यांच्यामधला दलाल काढून टाकला, तीच ही गोष्ट साडेतीनशे वर्षं आधी तिकडं झाली. बाबासाहेब त्याचं नाव का घेतात, ते इथं कळतं. ज्याला आतून कळलं की आपल्यावर भटाचा काही हक्क नाही, तो उद्या पाटलाचा हक्कही तपासायला लागेल.

पण या पुस्तिकेत अगदी सुरुवातीलाच, तिसऱ्या कलमात, एक जागा आहे. मी पहिल्यांदा तिच्यावरून घसरत पुढं गेलो. दुसऱ्या वाचनाला थांबलो. तो म्हणतो, अंग मोकळं, धडधाकट, पोटभर असलं तर त्यात आत्म्याचा काय फायदा? आणि अंग कैदेत पडलं, आजारी झालं, उपाशी राहिलं, तहानेलं राहिलं, तर त्यात आत्म्याचं काय बिघडलं?

काय बिघडलं!

महाडच्या तळ्यावर १९२७ साली आपली माणसं गेली ती आत्म्याची तहान घेऊन गेली नव्हती. मुंबईच्या गिरण्यांत एके काळी मागाच्या खात्यात आपल्या माणसाला घेत नसत, कारण धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागे आणि उष्ट्यानं सवर्ण विणकराला विटाळ होई. पगार तिथं जास्त होता. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी तो प्रश्न लावून धरला. आत्मा तर तेव्हाही मोकळाच होता की. मागावर बसायला अंग लागतं.

कुणी म्हणेल, एवढी एक ओळ धरून काय बसलास, ल्यूथर तिथं पुण्य कुठून येतं याबद्दल बोलतोय, मालक-मजुराबद्दल नाही. मीही हेच स्वतःला सांगितलं. पण पुस्तकाची परीक्षा कपाटात होत नाही. त्याची परीक्षा पाच वर्षांत झाली आणि ज्यांनी घेतली ते शेतकरी होते.

दक्षिण जर्मनीत तेव्हा शेतकऱ्याला जे नाव होतं त्याचा शब्दशः अर्थ 'अंगानं मालकीचा' असा होतो. ज्याचं अंग दुसऱ्याच्या मालकीचं, तो. लग्न मालकाच्या हद्दीबाहेर करायचं तर परवानगी. वेठ ठरलेली आणि न ठरलेलीही. रानातलं लाकूड मालकाचं, ओढ्यातला मासा मालकाचा. आणि कुळातला माणूस मेला की मालकाचा माणूस येऊन गोठ्यातलं सगळ्यात चांगलं जनावर सोडून न्यायचा. बाई मेली तर चांगला कपडा न्यायचा. आपल्याकडं उलटं होतं. मेलेलं ढोर महारानं ओढायचं. तिकडं माणूस मेला की जित्तं ढोर मालकानं ओढायचं. वतनाची गंमत दोन्हीकडं सारखीच. आमचं वतन कायद्यानं जायला १९५८ साल उजाडावं लागलं, आणि त्याच्या आधी तीस वर्षं, १९२८ पासून, बाबासाहेब त्यासाठी विधिमंडळात भांडत होते.

१५२४ च्या उन्हाळ्यात स्ट्युलिंगेन नावाच्या मुलखात पहिली ठिणगी पडली. त्या काळची बखर सांगते की ऐन सुगीच्या दिवसांत तिथल्या सरदारणीनं कुळांना हुकूम सोडला: गोगलगायीचे शंख गोळा करून आणा. कशाला? तर बाईसाहेबांना त्यावर सूत गुंडाळायचं होतं. पीक शेतात उभं, आणि माणसं शंख वेचतायत. मी दिवसाला हजारो बॉबिन हाताळतो. हे वाचलं त्या रात्री पाळीवर प्रत्येक बॉबिन मला शंखासारखी दिसत होती. बखरीतली गोष्ट तिखटमीठ लावलेली असेलही. पण अशी गोष्ट लोकांच्या तोंडात राहते तेव्हा तिच्यामागं खरी वेठ असते.

१५२५ च्या मार्चमध्ये मेमिंगेन गावात शेतकऱ्यांनी बारा कलमं काढली. लिहिणारा सेबास्टियन लोट्झर, केसाळ कातडी शिवणारा कारागीर. सोबतीला शापेलर नावाचा धर्मोपदेशक. बारा कलमं छापली गेली आणि दोनेक महिन्यांत वीसहून जास्त वेळा पुन्हा पुन्हा छापली गेली. तेव्हाच्या मानानं हा केवढा खप, याचा विचार करा. आपलं हे चोपडं दोनशे प्रतींनी निघतं.

या बारा कलमांतलं तिसरं कलम म्हणजे माझ्या मते ल्यूथरच्या पुस्तिकेची सगळ्यात चांगली समीक्षा. कुठल्याही प्रोफेसरनं लिहिली नाही अशी. त्याचा मुद्दा साधा आहे. ख्रिस्तानं रक्त सांडून सगळ्यांना सोडवलं, गुराख्याला आणि बड्या सरदाराला एकाच किमतीत, कुणाला वगळलं नाही. म्हणजे शास्त्राप्रमाणे आम्ही मोकळे आहोत. आणि आम्हाला मोकळं राहायचंय. सरकारच नको असं नाही. पण आम्हाला आपल्या मालकीचं समजू नका. आणि समासात प्रत्येक गोष्टीला बायबलमधल्या वचनाचा आकडा. शेवटचं बारावं कलम तर असं, की यातलं काही शास्त्राविरुद्ध आहे हे दाखवून द्या, आम्ही मागं घेतो. च्यायला, इतकी सभ्य मागणी मी आमच्या युनियनच्या निवेदनातसुद्धा वाचलेली नाही.

म्हणजे त्यांनी काय केलं? पुस्तिकेतला आतला माणूस बाहेर आणला. आत धनी असेन तर बाहेर कुणाची मालमत्ता कसा असेन, एवढाच सवाल केला.

ल्यूथरनं एप्रिलमध्ये उत्तर लिहिलं. त्याच्यावर अन्याय नको, म्हणून पूर्ण सांगतो. आधी तो राजेरजवाड्यांवर घसरतो. हे बंड तुमच्याच पापानं ओढवलं म्हणतो. मयताच्या घरून जनावर नेण्याबद्दलची तक्रार रास्त आहे, हेही म्हणतो. पण तिसऱ्या कलमाशी आला आणि त्याची जीभ फिरली. ख्रिस्ती स्वातंत्र्याला तुम्ही पुरतं देहाचं करून टाकलंत, म्हणाला. अब्राहामाकडं गुलाम नव्हते का, म्हणाला. कैदी किंवा आजारी माणूस मोकळा नसला तरी ख्रिस्ती असतोच, तसा मालकीचा माणूसही ख्रिस्ती स्वातंत्र्य भोगू शकतो, म्हणाला. आणि कडी म्हणजे हे कलम दरोडा आहे म्हणाला. कारण कुळाचं अंग मालकाची मालमत्ता आहे, आणि कुळ ते मालकाकडून काढून घेतंय.

स्वतःचं अंग घेऊन जाणं म्हणजे दरोडा. हे वाक्य कुणा सरंजामदारानं लिहिलं असतं तर मी त्यावर शाई घालवली नसती. ते लिहिलं पोपपुढं न वाकलेल्या माणसानं. आणि कैदी, आजारी ही उदाहरणं बघा. पाच वर्षांमागच्या तिसऱ्या कलमात बरोबर हीच जोडी आहे. म्हणजे ल्यूथर बदलला, घाबरला, विकला गेला, असं जे म्हणतात ते मला पटत नाही. तो सुसंगत होता. सुरुंग पहिल्यापासून पुस्तिकेतच पेरलेला होता, पेटवणारे नंतर आले.

मे महिन्यात त्यानं दुसरं चोपडं लिहिलं, लुटारू खुनी शेतकऱ्यांच्या टोळ्यांविरुद्ध. ज्याला जमेल त्यानं त्यांना मारावं, भोसकावं, उघड किंवा गुपचूप, असा त्यात हुकूम आहे. बाप्तिस्म्यानं आत्मा मोकळा होतो, अंग आणि मालमत्ता नाही, हेही पुन्हा आहेच. १५ मे १५२५ ला फ्रांकेनहाउझेनला शेतकऱ्यांची हजारोंनी कत्तल झाली. त्यांच्या बाजूचा उपदेशक थॉमस म्युंत्झर, त्याचा छळ करून २७ मेला डोकं उडवलं. सगळ्या युद्धात मेलेल्यांचा आकडा सत्तर हजार ते एक लाख असा धरतात. लोट्झर स्वित्झर्लंडकडं पळाला, पुढं त्याचा पत्ता लागत नाही. शेतकऱ्यांच्या बाजूनंही वाडे लुटले गेले, माणसं मारली गेली, ते झाकायचं नाही. पण ल्यूथरचा राग फक्त लुटीवर असता तर त्यानं तिसऱ्या कलमाला वेगळं काढून दरोडा म्हटलं नसतं. ते तर कागदावरचं वाक्य होतं.

आता माझा ल्यूथरला एक सवाल आहे. तो मेला १५४६ साली, तरी विचारतो. देहाचं काही झालं तरी आत्म्याचं बिघडत नाही ना? मग १५२० च्याच ऑगस्टात तू जर्मन सरदारांना पुस्तक लिहिलंस, त्यात रोम जर्मनीचा पैसा ओढून नेतंय म्हणून बोंब मारलीस, ती कशाला? पैसा तर बाहेरच्या माणसाचा. सरदाराची थैली रिकामी होते तेव्हा तो धर्माचा प्रश्न, आणि कुळाची गाय जाते तेव्हा फक्त देहाचा? वर्म्सच्या सभेत १५२१ साली तू ठाम उभा राहिलास, झकास, सलाम. पण त्यानंतर तुझ्या राजानं तुला वार्टबुर्गच्या किल्ल्यात लपवलं. तिथं बसून तू नवा करार जर्मनमध्ये आणलास. हे थोर काम व्हायला तुझं अंग शाबूत लागलं की नाही? भिंत लागली, जेवण लागलं, पहारा लागला. आतल्या माणसाला हे सगळं बाहेरच्या माणसानंच पुरवलं.

आणि ते चाकरीचं. मोकळा माणूस स्वखुशीनं सगळ्यांचा चाकर होतो. राजानं हे वाचलं तर छान. पण ज्याच्या पणज्यापासून चाकरी चालत आली, त्याला काय वाचायचंय यात? गांधीजींनी १९३६ साली 'हरिजन'मध्ये आदर्श भंगी कसा असावा यावर लेख लिहिला होता. सेवेचं माहात्म्य नेहमी सेवा करणाऱ्यालाच का ऐकवतात, मला कोडं आहे. सेवा मोठी व्हायला आधी नकार देता आला पाहिजे. पुस्तिकेच्या तीस कलमांत या नकाराला जागा नाही.

ही गोष्ट जर्मनीत संपली असती तर मी एवढं लिहिलं नसतं. अमेरिकेत व्हर्जिनियाच्या मळेवाल्यांनी १६६७ साली कायदाच केला, की बाप्तिस्मा झाला म्हणून गुलामाची गुलामी सुटत नाही. ते ल्यूथरचे चेले नव्हते, पण वाक्य तेच. आणि उत्तरही तेच आलं, खालून. १८३१ च्या नाताळानंतर जमैकात सॅम शार्प या गुलामानं, तो बाप्टिस्ट मंडळीत डीकन होता, मजुरी मिळाल्याशिवाय उसाच्या मळ्यात काम करायचं नाही असं ठरवलं. म्हणजे संप! नंतर त्याचं बंड झालं, १८३२ साली त्याला फाशी दिलं. पुढच्याच वर्षी इंग्लंडनं गुलामगिरी रद्द करण्याचा कायदा केला. जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' पुस्तक अमेरिकेतल्या ज्या लोकांना अर्पण केलं, गुलामांना सोडवणाऱ्या, त्यांतल्याही कितीकांच्या हातात हेच बायबल होतं. एकच पुस्तक मळेवाल्याच्या टेबलावर आणि गुलामाच्या झोपडीत. म्हणून ख्रिस्ती धर्मात स्वातंत्र्य आहे की नाही, असा सवाल मला आता पोकळ वाटतो. तिथं दोन स्वातंत्र्यं आहेत आणि त्यांची आपसांत पाचशे वर्षं मारामारी चालू आहे.

बाबासाहेबांना हे ठाऊक होतं, असं मला वाटतं. ल्यूथरचं नाव त्यांनी घेतलं. पण इथल्या ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्यांवर लिहिताना त्यांनी बरोबर बोट ठेवलं. हिंदू असताना त्याला सांगितलं, तुझं दुःख तुझ्या मागच्या जन्मीच्या कर्मानं. ख्रिस्ती झाल्यावर सांगितलं, आदिपुरुषाच्या पापानं. दोन्हीकडं समाजाचा गुन्हा गायब. मग तो लढेल कशाला? आणि सरकारची तऱ्हा वेगळीच. १९५० च्या हुकुमानं अनुसूचित जातीत फक्त हिंदू धरले, १९५६ ला शीख धरले, १९९० ला आपण बौद्ध. माझा मित्र बाहेरच. धर्म बदलला म्हणून त्याची जात गेली, असं कागद म्हणतो. पाटलाच्या गल्लीतून जाताना गाव तसं म्हणत नाही.

पण आपल्या पोरांनी हे वाचून ख्रिस्त्यांवर हसायची घाई करू नये. आपल्यातही हा आतला माणूस शिरलाय. परवा आमच्या वस्तीतल्या विहारात एक साहेब आले होते. गाडीतून आले. दुःखाचं मूळ तृष्णा, म्हणाले. मन आवरा, बाहेरचं आपोआप आवरेल, म्हणाले. पुढच्या रांगेत तीन कंत्राटी झाडूवाल्या बायका बसल्या होत्या, चार महिन्यांचा पगार थकलेला. त्यांची कसली तृष्णा साहेब? पगाराची? बाबासाहेबांनी स्वातंत्र्य, समता, बंधुता ही त्रयी बुद्धाकडून घेतली असं १९५४ साली रेडिओवर सांगितलं. तीत एकटं स्वातंत्र्य नाही, समता त्याच्या शेजारी आहे. ती शेजारीण काढून टाकली की आपलाही धम्म तिसऱ्या कलमापाशी येऊन उभा राहतो. मन मोकळं होणं लागतंच. मनानं गुलाम असलेला गेटवर बसत नाही, एवढं मलाही कळतं. पण जे मन गेटपर्यंत येतच नाही ते मोकळं झालं, हे मी कशावरून मानू?

हे सगळं मी मित्राला वाचून दाखवलं. ल्यूथरबद्दल त्याला वाईट वाटलं. त्यानं वादही घातला, की आत मोकळा नसतो तर ती चार दिवसांची उपासमार मी दारू पिऊन काढली असती. याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. त्या चार दिवसांत आमच्यातल्या दोघांनी तेच केलं होतं. मग त्यानं बारा कलमांतलं तिसरं कलम पुन्हा वाचायला लावलं. कातडी शिवणाऱ्यानं लिहिलं म्हटल्यावर म्हणाला, "म्हंजे आपल्यातलाच की." तिकडं त्या धंद्याला विटाळ नव्हता, हे त्याला सांगावं लागलं. तरी तो समासातले वचनांचे आकडे वहीत उतरवून घेऊन गेला, घरच्या बायबलमध्ये ताडून बघायला.

कंत्राटदाराची नवी यादी एक तारखेला लागते. आदल्या रविवारी सहाही जण माझ्या खोलीवर जमणार आहोत. प्रार्थना उरकून येतो म्हणालाय.